पोलिकार्पच्या झेलीचा मुखवटा

छंद हा शब्द कानावर पडला की पोलिकार्पच्या झेलीचं नाक आपोआप वर जायचं. छंद करावेत रिकामटेकड्यांनी, असं तिचं स्वच्छ मत. तिनं स्वतः फ्रॉक गुडघ्याच्या वर होता तेव्हापासून माशांच्या कारखान्यात हेरिंगची पोटं फाडली होती. नवरा थेओ बोटीवरून परत आला नाही, तेव्हाही आठवड्याच्या आत ती त्याच टेबलाशी उभी राहिली, आणि त्याच हातांनी तिनं एकुलत्या पोराला, क्लोव्हिसला, वाढवलं. एवढं सगळं करून उरलेल्या वेळात दगडावर फुलपाखरं रंगवायची? हॅट्!

पेती-आन्समध्ये आडनावाला कुणी विचारत नाही. अर्धं गाव एकाच आडनावाचं, म्हणून आधी बापाचं नाव लावायचं आणि मग माणसाचं. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या या फ्रेंच बोलणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावर सुएत, म्हणजे आग्नेयेचा वारा, सुटला की छपरं उडतात. तिथे ही बाई सत्तरच्या वर हिवाळे ताठ मानेनं काढून बसली होती, आणि तिच्या पसंतीला उतरेल असा एकही माणूस त्या किनाऱ्यावर अजून जन्माला आला नव्हता. शेजारची ओबेलीन म्हणजे भोचक. ओबेलीनचा नवरा दामास म्हणजे दारूचं पिंप. पाद्री लांबण लावतो. लेओना नकला करते पण अक्कल नाही. आणि क्लोव्हिस? क्लोव्हिस बायकोच्या मुठीत. कुणाचं नाव काढा, झेलीकडे त्याच्यासाठी एक शब्द तयार असायचा आणि तो गोड नसायचा.

अशा बाईला गेल्या शरद ऋतूत, चुलीवर बटाटे उकळत असताना, अर्धांगाचा झटका आला. भोचक ओबेलीन डोकावली म्हणून वाचली. याबद्दल झेलीनं ओबेलीनचे आभार कधी मानले नाहीत. उलट म्हणाली, "दार न वाजवता आत शिरायची तुझी खोड एकदाची कामी आली."

जीभ शाबूत राहिली. गावातल्या काही जणांचं म्हणणं, देवानं इथे थोडी चूक केली. गेला तो डावा हात आणि डावा पाय. हाताची बोटं आत वळून मूठ झाली आणि पाय ओल्या पोत्यासारखा मागून घसटत यायला लागला. इस्पितळातून तिला सेंट-आन वृद्धाश्रमात हलवलं, बरी होईपर्यंत म्हणून. पण क्लोव्हिसनं आठ दिवसांच्या आत तिच्या घराचे नळ बंद करून पाइप रिकामे केले आणि खिडक्यांना फळ्या ठोकल्या. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून, असं तो सांगायचा. उन्हाळ्यात तेच घर टोरांटोच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचं त्याच्या बायकोनं, जिनेतनं, ठरवून टाकलं होतं, हे मात्र त्यानं आईला ख्रिसमसला सांगितलं. केक खाता खाता.

"आयत्या बिळावर नागोबा," झेली म्हणाली. "अजून मी जिवंत आहे रे."

"आई, तू एकटी कशी राहणार? इथे काय कमी आहे? गरम जेवण आहे, माणसं आहेत."

"माणसं?" झेलीनं खोलीभर नजर फिरवली. "कुठे आहेत?"

तिला घरी जायचं होतं. बाकी काही नको होतं. आपल्या चुलीशी, आपल्या खिडकीशी, जिथून बंदरात कुणाची बोट रिकामी आली ते दिसतं आणि नावं ठेवता येतात, तिथे. सेंट-आनमध्ये मरायचं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघराच्या वासात मरायचं, आणि ते तिला मान्य नव्हतं.

आता या सेंट-आनमध्ये टेसा ओइकल नावाची एक बाई यायची. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरची, तिशी उलटलेली, शाळेत शिकलेली मोडकी फ्रेंच बोलणारी आणि सदानकदा हसणारी. तिचं काम म्हणजे झटका आलेल्या, हात गेलेल्या, मन उडालेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा हातापायांनी कामाला लावायचं, आणि त्यासाठी तिच्याजवळ एक भलामोठा डबा असायचा. डब्यात रंग, गोंद, शिंपले, मणी, लोकर. झेलीनं पहिल्या दिवशी त्या डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बालवाडी कुठे भरवतेस?"

"मॅडम झेली, तुमचा डावा हात कामात यायला हवा. नुसता व्यायाम कंटाळवाणा होतो. काहीतरी बनवता बनवता हात आपोआप चालतो. मन पण रमतं."

"माझं मन कुठे रमायचं ते मी बघेन. तू हाताचं बघ."

टेसानं शिंपले चिकटवायला दिले. झेलीनं एक शिंपला उचलला, निरखला आणि सांगितलं, "यातलं मांस आम्ही खायचो. टरफल फेकून द्यायचो. तुम्ही लोक उलटं करता होय?" दगड रंगवायला दिला तर तिनं तो खिडकीबाहेर टाकला. शेजारच्या टेबलावर बिचारे म्हातारे जीभ बाहेर काढून मणी ओवत बसलेले, त्यांच्याकडे बघून ती मोठ्यानं म्हणायची, "वा! आता लग्नच उरलंय."

मग टेसानं डोकं चालवलं. या किनाऱ्यावरच्या बायका गोणपाटावर लोकरीचे गालिचे विणण्यात प्रसिद्ध, म्हणजे म्हातारीला हुक दिसला की डोळ्यांत पाणी येणार. चौकट आणली, गोणपाट ताणलं, हुक आणला, लोकर झेलीच्याच आवडीच्या रंगाची आणली. झेलीच्या डोळ्यांत काही आलं नाही. हुक भिंतीवर जाऊन आदळला.

"हा छंद आहे तुझ्या मते?" ती कडाडली. "हिवाळ्यात बोटी बंद, घरात पीठ नाही. आई आम्हा पाच बहिणींना या चौकटीशी बसवायची. शहरातल्या पाहुण्यांच्या दिवाणखान्यासाठी गुलाबाची फुलं. बोटातून रक्त आलं की लाल लोकरीवर पुसायचं, म्हणजे दिसत नाही. आणि तू मला म्हणतेस मन रमव!"

टेसानं जाऊन हुक उचलला. तिचं हसू गेलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं."

झेलीला हे आवडलं नाही. समोरच्यानं चूक कबूल केली की भांडणात मजाच राहत नाही.

फेब्रुवारी संपत आला तशी सेंट-आनमध्ये मी-कारेमची तयारी सुरू झाली. ईस्टरच्या आधीचा तो लांबलचक उपास, त्याच्या मध्यावर आमच्याकडे गावाला आठवडाभर मोकळीक. मुखवटे चढवून, वेष पालटून लोक संध्याकाळी घरोघर शिरतात आणि घरच्यांनी त्यांना ओळखायचं. ओळखलं तर मुखवटा उतरवायचा. घरच्यांनी हार मानली तर पाहुण्यानं आपल्या हातानं तो काढायचा आणि सगळ्यांची फजिती बघायची. टेसानं या सणासाठी म्हाताऱ्यांना कागदी ताटल्या वाटल्या, डोळ्यांसाठी भोकं पाडलेल्या, आणि वर चिकटवायला चमकी दिली.

झेलीनं आपली ताटली हातात धरली. उलटीपालटी करून बघितली. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"याला मुखवटा म्हणतात? याच्या आडून तर आंधळासुद्धा ओळखेल! अगं, माणूस तोंडावरून ओळखू येतच नाही. चालण्यावरून येतो. हातावरून येतो. खुर्चीत बसताना ढुंगण कसं टेकतो त्यावरून येतो! हात झाकावे लागतात, पाठीला उशी बांधावी लागते, बुटात खडा घालावा लागतो, श्वास आत ओढत बोलावं लागतं. मी आयुष्यभर मी-कारेमला घरोघर फिरले. एकदा, एकदासुद्धा मला या गावानं ओळखलेलं नाही!"

हे खरं होतं, निदान झेलीला ते खरं वाटत होतं. या जगात तिनं केवळ हौसेनं केलेली ही एकच गोष्ट, आणि तिला कुणी हौस म्हटलेलं तिला चाललं नसतं. एका वर्षी तर तिचा स्वतःचा नवरा फसला होता. दामासच्या स्वयंपाकघरात व्हायोलिन चालू असताना थेओ तिच्याबरोबर नाचला, मुखवट्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "तू कुणीही अस, पण या गावात तुझ्यासारखी बाई दुसरी नाही." घरी ज्या तोंडातून 'मीठ दे' यापलीकडे शब्द निघायचा नाही, त्या तोंडातून! परक्या बाईला! झेलीनं ते त्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून त्याच्याकडे पाठ करून झोपली. पुढच्या वसंतात तो बुडाला. तिनं रडायचं तेवढं रडून घेतलं, पण मनातून त्याला बाहेरख्याली म्हणत आली.

टेसानं कागदी ताटली तिच्या हातातून काढून घेतली. "मग खरा मुखवटा कसा असतो? दाखवा."

"तुला दाखवून काय उपयोग?"

"उपयोग नाही. पण तुम्हाला येत नसेल तर राहू दे."

असल्या युक्तीला झेली फसणारी नव्हती. पण त्या दिवशी फसली. तिनं मुखवट्यासाठी आश्रमाची एक उशीची खोळ मागून घेतली. सुई उजव्या हातानं चालायची, पण कापड धरायला दुसरा हात हवाच, आणि टेसा मदतीला बोट लावेना. पाठीमागे हात बांधून उभी राहायची अन् म्हणायची, "मला शिवण येत नाही." खोटारडी! मग झेली शिव्या घालत घालत ती वळलेली बोटं एकेक करून उघडायची, कापड त्यांच्यात कोंबायची, ते निसटलं की पुन्हा कोंबायची. घाम यायचा. एका बेढब नाकाला आठवडा लागला. पण गालिच्याची चौकट, रंगवलेले दगड आणि ते सगळे मणी मिळून जे झालं नव्हतं ते त्या नाकानं केलं. डाव्या हाताची बोटं कापड धरून ठेवायला लागली.

त्याच सुमारास क्लोव्हिस आला. टेसानं त्याला सांगितलं की त्याची आई आता स्वतःचा चहा करते, कपडे घालते, आणि सकाळ-संध्याकाळ कुणी डोकावून गेलं तर घरी राहू शकते. क्लोव्हिस हसला. आईच्या मांडीवरचं ते नाक बघून आणखी हसला.

"आई, काय हे? या वयात मी-कारेम? अगं, तुझा तो पाय बघितला की कुत्रंसुद्धा ओळखेल. तू गावातून फिरून ये आणि कुणी ओळखलं नाही, तर मी स्वतः तुझे नळ सोडून देईन. जा!"

"ऐकलंस ना?" झेली टेसाकडे वळली. "बोलला तो. दामासच्या घरी जायचं, मग याच्या घरी. दोन्हीकडच्यांनी हार मानली तर मी घरी."

"अगं, गमतीनं म्हटलं..."

"तुझ्या बापानंसुद्धा सगळं गमतीनंच केलं. मी धरून चालणार."

क्लोव्हिसनं खांदे उडवले. पायावर त्याचा पूर्ण भरवसा होता.

मग कॉरिडॉरमध्ये रोज मिरवणूक निघायला लागली. पाऊल उचल, टाच टेकव, गुडघा वाकव. भिंतीला धरून बसलेल्या म्हाताऱ्यांना झेली येता-जाता टोमणे मारायची. "बघा, बघा, फुकट आहे!" एक दिवस पाय जमिनीवरून सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घसटला. टेसा म्हणाली, सुधारतंय. झेलीनं 'सुधारतंय' याचा अर्थ 'सुधारलं' असा घेतला. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या चालीला नावं ठेवली तिनं आपली चाल आरशात बघायचं मात्र टाळलं.

मी-कारेमच्या गुरुवारी संध्याकाळी दोघी निघाल्या. झेलीच्या पाठीवर उशीचं कुबड, अंगावर कुण्या मेलेल्या म्हाताऱ्याचा ओव्हरकोट, हातात जाड मोजे, तोंडावर त्या भयंकर नाकाची खोळ. टेसा कोळ्याच्या रबरी कपड्यांत. तिला ताकीद होती, तोंड उघडायचं नाही. तुझी ती फ्रेंच ऐकली की घरचे ओळखणार नाहीत, पण हसून मरतील.

सुएत सुटला होता. गाडीपासून दामासच्या दारापर्यंत बर्फातून जाताना वाऱ्यानं झेलीला दोनदा भिंतीवर रेटलं. आत शिरली तेव्हा तिच्या पायात त्राण नव्हतं, पण कॉरिडॉरमधलं सगळं आठवून तिनं पाऊल उचललं. तिला वाटलं, उचललं. फरशीवर 'खर्रऽऽ' असा आवाज झाला.

स्वयंपाकघरात दहाबारा माणसं होती. हसणं-खिदळणं चाललं होतं, ते थांबलं. दामास ग्लास खाली ठेवून म्हणाला, "अरे देवा. ही तर झेलीची चाल."

झेलीचा हात मुखवट्याकडे गेला. संपलं. पहिल्याच घरात, पहिल्याच पावलाला. घर गेलं.

पण ओबेलीन तरातरा पुढे आली आणि तिच्या कुबडाला बोट टोचून म्हणाली, "लाज नाही वाटत, लेओना? आजारी बाईची नक्कल करतेस? ती बिचारी तिकडे आश्रमात पडलीय अन् तू तिचा पाय ओढत गावभर फिरतेस! ही काय थट्टा झाली?"

"लेओनाच," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "तिलाच असलं सुचतं."

झेलीनं मान हलवली, नाही. श्वास आत ओढत, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लेओना नाही. ओळखा."

त्यांनी कारखान्यातल्या दोघी-तिघींची नावं घेतली, पाद्र्याच्या स्वयंपाकिणीचं घेतलं. प्रत्येक नावाला झेली मान हलवत होती आणि आतल्या आत तिला उकळ्या फुटत होत्या. मूर्ख! सगळे मूर्ख! नाकासमोर उभी आहे मी!

"पण नक्कल मस्त आहे हं," दामास खुर्चीत मागे रेलला. "खुद्द झेलीला हे जमलं नसतं. बिचारीला वेष पालटता कधी आलाच नाही."

"काय पण बोलता," ओबेलीन म्हणाली आणि फिसकन् हसली.

"का, खोटं आहे? दारातून नाक आत आलं की कळायचं, आली पोलिकार्पची. कुबड लाव, खडा घाल, ती मान कुठे जाणार? जगाकडे अशी बघायची जशी काही जगाला वास येतोय. पण सांगायचं कुणी? एका वर्षी माझ्या आईनं ओळखलं तर हिनं कबूल केलं नाही, आणि पुढच्या मी-कारेमपर्यंत तिच्याशी बोलली नाही. मग गावानं ठरवूनच टाकलं, हिला ओळखायचं नाही. होऊ दे खूश वर्षातून एकदा. नाहीतरी दुसरं काय होतं तिच्याकडे!"

स्वयंपाकघर हसलं. प्रेमानं हसलं, हे सगळ्यात वाईट. मुखवट्याच्या आत झेलीचा श्वास गरम झाला. खोळ तोंडाला चिकटली.

"थेओ," ती श्वास आत ओढत म्हणाली. "थेओनं ओळखलं नव्हतं."

"थेओनं?" दामासनं ग्लास उचलला. "अगं, तू कुणीही अस, पण थेओला तू ओळखत नव्हतीस. याच चुलीपाशी तिच्याबरोबर नाचला, मग माझ्याकडे आला. डोळे पाणावलेले. म्हणाला, दामास, घरी बोललो तर ती म्हणेल काय हवंय तुला. तोंड झाकलेलं असताना बोलून घेतलं. वर्षातून एकदाच सापडते ती."

कुणीतरी व्हायोलिनची तार जुळवत होतं. झेली उभी होती. थेओ बुडून इतकी वर्षं झाली, आणि इतकी वर्षं ती एका बाईवरून त्याच्यावर जळत राहिली. ती बाई ती स्वतः होती. मूर्ख कोण होतं या खोलीत? तिला जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी एक शब्द सुचला आणि तो इतरांसाठी वापरलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा कडू होता. किती रात्री. पाठ करून.

"हरलो बाई," ओबेलीन म्हणाली. "काढ आता. कोण आहेस?"

झेलीनं मान हलवली आणि वळली. नियमाप्रमाणे काढायला हवा होता, पण आत्ता तो चेहरा कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. मागून शिव्या आल्या, पळपुटी म्हणून. टेसा तिच्यामागून धावली.

गाडीत टेसानं विचारलं, "परत जायचं का?" ती भरभर बोललेली फ्रेंच तिला अर्धीच कळली होती, पण अर्ध्यावरूनही जे कळायचं ते कळलं होतं.

"परत कुठे?" झेली म्हणाली. "अजून एक घर आहे. आणि तू रडू नकोस. तुझ्यावर काय कोसळलंय?"

क्लोव्हिसच्या अंगणात उतरली तेव्हा तिचा पाय तिचा राहिला नव्हता. कॉरिडॉरमध्ये शिकलेलं सगळं दामासच्या चुलीपाशी गळून पडलं होतं. टेसाच्या दंडाला धरून ती पायऱ्या चढली आणि आत गेली ती तो पाय अक्षरशः फरफटत, डावा हात पोटाशी मुडपलेला, कुबड एका बाजूला सरकलेलं.

घर भरलेलं होतं. फ्रिकोच्या, कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटला होता, जिनेतच्या माहेरची माणसं होती. एकदोघं हसली. जिनेतनं तोंडावर हात ठेवला. क्लोव्हिस टेबलापाशी उठून उभा राहिला आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"बाहेर हो," तो म्हणाला.

झेली जागची हलली नाही. "ओळख," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"ओळखायचंय काय त्यात? लेओना, नाहीतर लेओनानं शिकवलेली कुणीतरी. माझ्या आईची नक्कल माझ्याच घरात? ती तिकडे एकटी पडलीय आणि तुम्हाला खेळ सुचतो? दामासच्या पोराचा आत्ताच फोन आला, कुणी नालायक असं फिरतंय म्हणून." त्याचा आवाज फुटला. गहिवरला होता पठ्ठ्या. आईचं घर भाड्यानं लावताना कोरडे राहिलेले डोळे आता सासरच्या माणसांसमोर भरून आले होते. "आणि नक्कल करायची तर धड तरी कर! माझी आई एवढी वाईट चालत नाही!"

झेलीला ते छातीत लागलं. मग अशी चालते मी, तिच्या मनात आलं. पोटच्या पोराला खोटं वाटावं, अशी. तिला बसावंसं वाटलं, जमिनीवरच. टेसाचा हात तिच्या कोपरापाशी आला. तिनं तो झटकला.

"हरलास?" तिनं विचारलं.

"हरलो, हरलो! कोण असशील ती असशील. काढ आणि चालती हो."

मुखवटा घामानं गळ्याशी घट्ट बसला होता. एका हातानं निघेना. तिनं दातांनी डावा मोजा ओढून काढला, ती वाकडी बोटं उघडली, खोळीची कड त्यांच्यात धरली आणि दोन्ही हातांनी ओढलं. वेळ लागला. कुणी पुढे आलं नाही, कारण ती बोटं दिसली तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

क्लोव्हिस धपकन् खाली बसला. "आई," तो म्हणाला. "आई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं." तिचे केस कपाळाला चिकटले होते, नाक वाहत होतं, आणि ती रडत होती. पण मान जिथे असायची तिथेच होती. "तुझी आई एवढी वाईट चालत नाही ना? चारचौघांत म्हणालास. मग उद्या सकाळी नळ सोड. आणि खिडक्यांच्या फळ्या काढ. आधी बंदराकडची."

"पण आई, तू... हा पाय..."

"पाय असाच आहे," झेली म्हणाली. "असाच घेऊन येतेय."